दानाच्या पैशाचा हिशेब: आमच्या विहाराच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष व सर्व विश्वस्त,
बुद्ध विहार, उत्तर नागपूर

सप्रेम जयभीम.

मागच्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर विहाराच्या फलकावर लावलेली सूचना मी दोनदा वाचली. शिक्षण व आपत्ती निधीची 11 लाख 40 हजार रुपयांची मुदत ठेव मोडून विहाराला ग्रॅनाइटचे नवे प्रवेशद्वार बांधायचे, त्याचा अंदाजे खर्च 18 लाख रुपये आहे, आणि कमी पडणारे 6 लाख 60 हजार रुपये एका हितचिंतकाकडून शेकडा दोन रुपये महिना व्याजाने घ्यायचे, असा ठराव आपण एकमताने संमत केल्याचे त्या सूचनेत लिहिले होते. हा ठराव मला मान्य नाही. सचिवांच्या हाती मी दोन पत्रे दिली, त्यांना पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. निधी वस्तीने दिलेला असल्यामुळे वस्तीसमोरच बोलावे, असे ठरवून हे पत्र खुले करीत आहे. यात कोणाच्या हेतूवर मी बोट ठेवलेले नाही आणि कोणाला कमी लेखण्याचीही माझी इच्छा नाही.

मी कोण, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, तरी नव्या विश्वस्तांसाठी सांगते. माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. माय घरी बिड्या वळायची. 1956 साली ती पंधरा वर्षांची होती आणि आपल्या बापाबरोबर उमरेडकडच्या गावाहून दीक्षेसाठी नागपूरला आली होती. 14 ऑक्टोबरला तिने दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचे भाषणही गर्दीत दूरवर उभी राहून ऐकले. त्या भाषणातले सगळे तिला कळले नव्हते, पण उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यायचा, ही एक गोष्ट तिने तेव्हाच गाठीला बांधली आणि 2011 साली डोळे मिटेपर्यंत पाळली. मी स्वतः 1985 ते 2023 अशी अडतीस वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत आधी रोखपाल आणि मग अधिकारी म्हणून काम केले. लोकांचा पैसा मोजणे आणि सांभाळणे, याखेरीज दुसरे काही मी आयुष्यात फारसे केले नाही. म्हणून या एका विषयावर तरी मला बोलू द्यावे.

माय गेल्यावर तिची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा लुगड्यांच्या तळाशी एक तार सापडली. किराणा दुकानात बिले ओवून ठेवतात तशी, खाली गोल लाकडी चकती आणि वर आकडा वळवलेली. त्या तारेत विहाराच्या दानाच्या पावत्या ओवलेल्या होत्या. सर्वांत खालच्या पावत्या पिवळ्या पडून कडांना चुरगळल्या होत्या, काहींवरची शाई उडाली होती, पण जांभळ्या शिक्क्यातले विहाराचे नाव वाचता येत होते. एका पावतीवर 1978 चे साल, दोन रुपये, आणि ‘कशासाठी’ या रकान्यात पेन्सिलीने ‘शिक्षण निधी’ असे लिहिलेले आहे. 1987 च्या एका पावतीवर एक्कावन्न रुपये आहेत, ते माझ्या पहिल्या बढतीचे. आम्ही लहान असताना ती म्हणायची, “पैसा देल्ला का पावती घ्यावं पोरी. भरोसा नाई म्हणून नाई, आपला पैसा त्याहिनं मोजला हे समजते.” त्या तारेत एकूण 312 पावत्या आहेत. त्यांतल्या 140 शिक्षण निधीच्या आणि 38 आपत्ती निधीच्या आहेत. शेवटची पावती 2006 ची आहे. त्यानंतरची पाच वर्षे माय दान देत नव्हती असे नाही. विहाराने पावत्या देणे बंद केले होते.

आपण जी ठेव मोडायला निघाला आहात, ती या पावत्यांची आहे. देणाऱ्याने ती विशिष्ट कामासाठी दिली, घेणाऱ्याने तसे लिहून घेतली आणि शिक्का मारला. धम्माच्या भाषेत हा दात्याशी केलेला शब्द आहे आणि कायद्याच्या भाषेत ती निर्दिष्ट हेतूसाठी आलेली विश्वस्त मालमत्ता आहे. आज मंडळात असलेल्या नऊ जणांपैकी एकानेही तो निधी जमवला नाही, मीही नाही. तो जमवणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता हयात नाहीत. म्हणूनच तो खर्च करताना आपला हात जड असायला हवा होता.

या निधीने काय केले, हे कदाचित काहींच्या स्मरणातून गेले असेल. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आपल्या वस्तीतल्या रोजमजुरीवर जगणाऱ्या घरांत आठ दिवसांत पीठ संपले. तेव्हाच्या मंडळाने ठेवीला हात न लावता तिच्या साठलेल्या व्याजातून 31 घरांना प्रत्येकी पाच हजार रुपये पोचवले. कोणाच्या दारात उभे राहून फोटो काढला नाही, यादी फलकावर लावली नाही, फक्त रक्कम आणि घरांची संख्या हिशेबात लिहिली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये नागपुरात दवाखान्यांत खाट मिळेना, तेव्हा रात्री अकरा वाजता तत्कालीन कोषाध्यक्षांनी आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या हाती अनामत रकमेचा धनादेश दिला. त्याचा बाप वाचला नाही, पण पैशावाचून दारातून परत यावे लागले, हे दुःख त्या घराला राहिले नाही. गेल्या वर्षी नऊ मुलामुलींच्या प्रवेशशुल्काचा काही भाग याच व्याजातून गेला. त्यांतली एक मुलगी आज परिचर्येचा अभ्यासक्रम करते.

भगवान बुद्धांनी राजगृहाच्या वेळुवनात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जे सांगितले, ते आपण दर वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मश्रवणाच्या तीन महिन्यांत, वाचतो. मिळकतीचे चार भाग करावेत, ‘एकेन भोगे भुञ्जेय्य, द्वीहि कम्मं पयोजये, चतुत्थञ्च निधापेय्य, आपदासु भविस्सति.’ एक भाग उपभोगावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत आणि चौथा आपत्तीत उपयोगी पडेल म्हणून राखून ठेवावा. हा उपदेश, सिगालोवाद सुत्त, गृहस्थाचा विनय, म्हणजे आचारनियम, म्हणून ओळखला जातो, आणि त्या विनयात शिलकीची जागा इतकी स्पष्ट आहे. आपला निधी हा या वस्तीचा चौथा भाग आहे. तो कमानीत घातला तर पुढची टाळेबंदी, पुढचा पूर, पुढचा आजार आल्यावर आपण लोकांना ग्रॅनाइट दाखवणार आहोत का?

प्रवेशद्वाराला माझा विरोध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या वेशीबाहेर उभे ठेवले गेले, त्या समाजाला आपल्या विहाराचे दार रुंद आणि देखणे असावे असे वाटणे किती स्वाभाविक आहे, हे मला समजते. 1974 साली हे विहार श्रमदानाने उभे राहिले, तेव्हा माझ्या बाबांनी रात्रपाळी करून सकाळी विटा वाहिल्या होत्या. दार व्हावे. त्यासाठी वेगळे दान मागावे, वेगळी पावतीपुस्तके काढावीत, दोन वर्षे लागली तर लागू द्यावीत. पहिली अकरा हजारांची पावती मी फाडून घेईन. पण भुकेल्यासाठी ठेवलेल्या पैशाचे दार नको.

आता कर्जाविषयी. शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. 6 लाख 60 हजारांवर दरमहा 13,200 रुपये, वर्षाला 1 लाख 58 हजार 400 रुपये नुसते व्याज होते, मुद्दल तसेच राहते. आपल्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला 79,800 रुपये मिळत होते, तेही बंद होतील. दोन्ही मिळून वर्षाला 2 लाख 38 हजार रुपयांचा खड्डा पडेल, आणि विहाराच्या दानपेटीत गेल्या वर्षी किती जमा झाले, हे कोषाध्यक्षांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मुदतीआधी ठेव मोडल्यास बँक सामान्यतः व्याजदर कमी करते, तो तोटा मी यात धरलेलाही नाही. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36अ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय कोणत्याही विश्वस्ताला संस्थेसाठी असे खासगी कर्ज काढता येत नाही. अशी मंजुरी मागितल्याचा उल्लेख सूचनेत नाही. हितचिंतकाचे नावही नाही.

ऋणाविषयी तथागतांनी, म्हणजे बुद्धांनी, अनाथपिंडिक या आपल्या धनिक उपासकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत आपल्याजवळ काही असण्याचे, ते भोगण्याचे आणि निर्दोष वागण्याचे सुख जसे आहे, तसेच अनृणसुख, म्हणजे कोणाचे थोडे किंवा फार काहीही देणे नसण्याचे सुख, वेगळे मोजले आहे. मी अनेक वर्षे बँकेत कर्जदारांच्या समोर बसले आहे. हप्ता थकला की माणूस काउंटरकडे येताना चाल बदलतो, नजर चुकवतो, ओळखीच्या शिपायालाही नमस्कार करीत नाही. जे सुख आपण प्रवचनात लोकांना सांगतो, ते विहारालाच आपण गमवायला लावत आहोत.

दुसरी तक्रार हिशेबाची आहे, आणि माझ्या मते सगळ्याचे मूळ तिथेच आहे. 2019 नंतर विहाराचा वार्षिक जमाखर्च फलकावर लागलेला नाही. वर सांगितलेल्या विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 32 आणि 33 नुसार हिशेब ठेवणे आणि दरवर्षी त्यांची तपासणी करून घेणे विश्वस्तांवर बंधनकारक आहे. तो अहवाल कदाचित कार्यालयात वेळेवर दाखल होतही असेल, परंतु ज्यांनी दान दिले त्यांना तो दिसत नाही. गेल्या वर्षीच्या सभेत एका तरुणाने जयंतीचा खर्च विचारला, तेव्हा ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही का’ असे उत्तर त्याला मिळाले आणि तो खाली बसला. ते वाक्य मला आजही टोचते.

बुद्धांचे शिष्य आनंद थेर यांची एक कथा विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांच्या ग्रंथात, आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी त्यांना पाचशे चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, दान दिली. राजाला ते खटकले. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण काय कापडाचा व्यापार करणार, की दुकान मांडणार, असे त्याला वाटले, आणि तो आनंदांकडे जाऊन सरळ विचारता झाला. आनंद म्हणाले, ज्या भिक्षूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय कराल? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे. जुन्या अंथरुणांचे? पाय पुसणी. जुन्या पाय पुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि जुनी फडकी? ती कुटून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

राजाने शंकेने विचारले होते, श्रद्धेने नव्हे. तरी आनंदांनी त्याला ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही का’ असे म्हटले नाही. प्रश्न संपेपर्यंत, फडक्याच्या शेवटच्या चिंधीपर्यंत ते सांगत राहिले. त्यांना तो अपमान वाटला नाही, कारण दान आपले नाही, ते आपल्या हातात आहे एवढेच, हे त्यांना पक्के माहीत होते. आमच्या त्या तरुणाला कोणी असे उत्तर दिले असते, तर मला खात्री आहे की पुढच्या वर्षी वर्गणी मागायला तो स्वतः घरोघरी फिरला असता.

तिसरी गोष्ट ठेवी कुठे आहेत याची. वर्षावासात जमलेले सुमारे दोन लाख रुपये एका पतसंस्थेत ठेवले आहेत, कारण तिथे एक-दीड टक्का व्याज जास्त मिळते, असे मला सांगण्यात आले. कलम 35 प्रमाणे विश्वस्त संस्थेचा पैसा शेड्यूल्ड बँकेत, टपाल बचत बँकेत, शासनाने त्यासाठी मान्य केलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे, ही मर्यादा 2020 च्या फेब्रुवारीत एक लाखावरून वाढवली गेली. पतसंस्थेतील ठेवींना हा ठेव विमा लागू नाही. त्या संस्थेविषयी मला काही वाईट म्हणायचे नाही, ती सुदृढही असेल. परंतु कक्करपत्त गावच्या दीघजाणूला तथागतांनी सांगितलेल्या आरक्षसंपदेचा, म्हणजे घाम गाळून मिळवलेले धन राजा, चोर, आग, पाणी आणि नावडते वारस यांच्यापासून जपण्याचा, अर्थ दीड टक्क्यासाठी संरक्षण सोडून देणे असा होत नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत जड जाते, कारण तिच्यात माझाही दोष आहे. नऊ वर्षांपूर्वी विहाराच्या सभागृहात महिलांच्या कार्यक्रमात एका कंपनीच्या प्रतिनिधींना बोलायला बोलावले होते. पाच वर्षांत पैसे दुप्पट, अशी त्यांची योजना होती. त्यांनी आधी पुष्पहार अर्पण केला, त्रिशरण म्हटले आणि मग माहितीपत्रके वाटली. मी मागच्या रांगेत बसले होते. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचौदा टक्क्यांच्या वर, आणि तेव्हा कुठलीही बँक त्याच्या जवळपासही जात नव्हती, हे मला बसल्या जागी कळले. मी उठून काही बोलले नाही. कार्यक्रम विहाराचा होता, व्यासपीठावर ओळखीची माणसे होती, उगाच वाईटपणा नको वाटला. माझ्या वहिनीने शिवणकामातून साठवलेले एक लाख वीस हजार रुपये तिथे भरले. कंपनीचे कार्यालय तीन वर्षांनी एका रात्रीत रिकामे झाले. वहिनी मला कधी काही बोलली नाही, पण तिने ते पैसे भरले ते माहितीपत्रकावरच्या आकड्यांमुळे नव्हे, तर ते बोलणे बुद्धमूर्तीच्या समोर झाले म्हणून. विहाराची पत त्या लोकांनी वापरली आणि आम्ही ती वापरू दिली. अशा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा 2019 मध्ये झाला. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा 1999 पासून आहे. कायदे असूनही माणसाची सावधगिरी जिथे सर्वांत सैल असते, ती जागा श्रद्धेची असते, आणि म्हणूनच विक्रेत्यांना ती जागा हवी असते.

आज तेच सभागृह दर सोमवारी सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपनीला पाचशे रुपये भाड्याने दिले जाते. सकाळी साडेसातला दहा-दहा बायकांचे गट सतरंजीवर बसतात, हप्ता भरतात, आणि एखादीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्या नऊ जणींना उठता येत नाही. दोन आठवड्यांपूर्वी मी पाण्याचा माठ भरायला गेले होते, तेव्हा एक बाई भिंतीकडे तोंड करून मुलाच्या दप्तरातली चिल्लर मोजत होती आणि बाकीच्या तिच्याकडे न पाहता बसल्या होत्या. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या निर्देशांनुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर कर्जदाराशी संपर्क साधू नये. इथे वसुली साडेसातला होते, विहारात होते, आणि त्याचे भाडे आपण घेतो. कर्ज घेणे हे पाप आहे असे मी म्हणत नाही, शिलाई मशीनसाठी, म्हशीसाठी, दुकानातल्या मालासाठी घेतलेल्या कर्जाने घरे उभी राहिलेली मी पाहिली आहेत. पण हप्ता फेडायला दुसरे कर्ज आणि दुसरे फेडायला तिसरे, हे आमच्या गल्लीत चार घरांत चालू आहे. त्या घरांच्या कोंडलेल्या श्वासाचे पाचशे रुपये विहाराच्या पेटीत नकोत.

काही विश्वस्तांचे म्हणणे असे की पैसाअडका हा संसाराचा विषय, विहारात त्याची चर्चा कशाला. दीघजाणूने नेमके हेच मनात धरून प्रश्न विचारला होता, की आम्ही मुलाबाळांत राहणारी, काशीचे चंदन लावणारी, सोनेनाणे बाळगणारी माणसे, आमच्या कल्याणाचे काही सांगा. त्याला तथागतांनी परत पाठवले नाही. आधी उद्योग, धनाचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि मिळकतीच्या बेताने जगणे, या चार गोष्टी सांगितल्या, आणि मग श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले आणि किती उचलले गेले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपले येणे-जाणे कळले पाहिजे, आणि जो मिळकतीपेक्षा जास्त उधळतो तो उंबराचे झाड हलवून खाण्यापेक्षा जास्त फळे पाडणारा, असा दृष्टान्त त्याच उपदेशात आहे. ज्या महापुरुषाने आपल्याला हा धम्म दिला, त्या बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध 1923 मध्ये प्रसिद्ध झाला होता. पैशाविषयी बोलणे त्यांना धम्माबाहेरचे वाटले नाही, आणि म्हणूनच दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, ज्यांच्याजवळ फारसे काही नव्हते अशा लाखो लोकांना, त्यांनी विसाव्या भागाचा हिशेब सांगितला. विसावा भाग काढायचा तर आधी आपली मिळकत मोजावी लागते. माय दर शनिवारी बिडीच्या मजुरीचे पैसे चुलीजवळ पसरून मोजायची आणि वीस रुपयांमागे एक बाजूला सारायची, तिला टक्केवारी येत नव्हती.

म्हणून माझी विनंती अशी आहे. मुदत ठेव मोडण्याचा आणि कर्जाचा ठराव तूर्त स्थगित करावा, आणि सर्वसाधारण सभा बोलावून, सर्व सभासदांना किमान पंधरा दिवस आधी लेखी सूचना देऊन, तिच्यासमोर तो ठेवावा. शिक्षण व आपत्ती निधी इमारतीच्या कामासाठी कधीही वापरला जाणार नाही, असा स्वतंत्र ठराव त्याच सभेत व्हावा. गेल्या सर्व वर्षांचे तपासलेले हिशेब फलकावर लावावेत आणि यापुढे दरवर्षी 31 मार्चनंतर सहा महिन्यांच्या आत लावावेत, सोबत कोणती रक्कम कोणत्या बँकेत किती मुदतीने आहे तेही लिहावे. पतसंस्थेतील रक्कम मुदत संपताच बँकेत आणावी. कोणत्याही योजनेच्या, विम्याच्या, कर्जाच्या किंवा ठेवीच्या विक्रेत्याला विहाराचे सभागृह देऊ नये आणि सोमवारची वसुली येत्या महिन्यापासून बंद करावी. पाच रुपयांच्या दानालाही पावती मिळावी आणि तिच्यात ‘कशासाठी’ हा रकाना पुन्हा यावा.

आणखी एक. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल. त्या तीन महिन्यांत दर रविवारी प्रवचनानंतर एक तास घरखर्चाच्या वहीसाठी द्यावा. बचत कशी करावी, टपाल खात्यातील योजना कोणत्या, कर्जाचा करार वाचताना काय पाहावे, आजारपणाचा विमा घेताना काय विचारावे, फसव्या योजना कशा ओळखाव्यात, हे शिकवायला मी आणि माझ्या बँकेतील दोन निवृत्त सहकारी विनामूल्य येऊ. सोमवारी ज्या सतरंजीवर हप्ते गोळा होतात, तीच सतरंजी पुरे होईल.

या मागण्यांवर विचार न झाल्यास धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात अर्ज करण्याचा मार्ग सभासद म्हणून मला खुला आहे. त्या दारात आपल्या विहाराचे नाव घेऊन जाण्याची वेळ माझ्यावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते. आपण सगळे एकाच वस्तीत वाढलो, कोणाच्या लग्नात मी वाढपी होते, कोणाच्या मयतीला आपण माझ्या दारात उभे होता.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर मी सभागृहात थांबेन. मायची पावत्यांची तार सोबत आणीन. आपण ठेवीचे प्रमाणपत्र आणि विहाराचे पासबुक आणावे, आणि दोन्ही सतरंजीवर ठेवून, ज्याला बसायचे त्याला बसू देऊन, एकेक रक्कम वाचावी.

आपली धम्मभगिनी,
विहाराची एक आजीव सभासद
नागपूर